नंबर वनची गासडी

माझ्या नातीने ज्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं आहे, तो कसा आहे असं मी तिला विचारलं, तेव्हा तिने फोनवरची नजर न काढता उत्तर दिलं, "नानी, ही इज व्हेरी सॉर्टेड." आम्ही जेवत होतो. माझ्या तोंडात भाताचा घास होता आणि तो मला गिळता येईना. लेकीने विचारलं, "अम्मा, काटा लागला का?" मी मान हलवली आणि उठून बेसिनपाशी गेले. नातीचा काही दोष नाही. तिच्या मैत्रिणींमध्ये ज्याचं डोकं ठिकाणावर आहे, ज्याला आयुष्यात काय करायचं ते ठाऊक आहे, त्याला सॉर्टेड म्हणतात. अर्थ चांगलाच आहे. पण हा शब्द माझ्याकडे ज्या वाटेने आला ती वाट घाणीची होती, आणि या वयातही तो कानावर पडला की आधी मला वास येतो.

त्याच आठवड्यात राबियाचाची गेल्याचा फोन हर्णैहून आला होता. मी इथे दुबईत, अल कुसैसमध्ये, तिला माती द्यायला जाणं झालं नाही. तिच्यासाठी फातेहा पढले, आणि मग हे लिहायला बसले. फार हळू लिहिलं जातं आहे. दोन ओळी झाल्या की उठून हात धुऊन यावंसं वाटतं.

आम्ही तेव्हा बर दुबईत, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर राहायचो. भिंती समुद्रातल्या दगडाच्या होत्या. टेकून बसलं की पाठीला खारी पांढरी भुकटी लागायची. मधोमध अंगण, अंगणाच्या तीन बाजूंना खोल्या, आणि गच्चीवर वारा पकडणारा बुरूज, ज्यातून उन्हाळ्यात वाऱ्यापेक्षा रेतीच जास्त खाली यायची. पाणी गाढवाच्या पाठीवरून डब्यांत यायचं आणि त्याला रॉकेलचा वास असायचा. सकाळी खाडीवर लाकडी बोटींच्या फटींत कापूस ठोकणाऱ्यांची ठोकठोक सुरू व्हायची, त्यात लाँचींच्या इंजिनांची धडधड मिसळायची, आणि त्या सगळ्यावर अम्माच्या स्टोव्हचा सूंऽऽ आवाज. अम्मा तांदळाची भाकरी थापायची. तिच्याबरोबर सुक्या जवळ्याची चटणी, नाहीतर सुरमईचं सालन. नारळ मुंबईच्या बोटीने यायचे आणि फोडल्यावर बरेचदा खवट निघायचे. अम्मा प्रत्येक नारळ फोडायच्या आधी बिस्मिल्ला म्हणायची आणि फोडल्यावर त्या व्यापाऱ्याला कोकणी बोलीत जे म्हणायची ते इथे पुस्तकी मराठीत लिहिता येणार नाही.

घरात चालायचं ते बडेअब्बांचं. हे अब्बांचे थोरले भाऊ. त्यांची बायको गावाला होती. एका शिपिंग एजंटकडे ते मालाची मोजदाद करायचे. कपडे पांढरेशुभ्र, कानात अत्तराचा बोळा, बोलण्यात दर वाक्याला एक इंग्रजी शब्द. त्यांच्याकडे असे शब्द थोडेच होते, पण एकेक शब्द ते शंभर ठिकाणी वापरायचे, आणि त्यांचा सर्वांत लाडका शब्द होता सॉर्ट. मासळी आली की "यल्ला, सॉर्ट करून टाका." पाहुणे आले की "झोपायचं कुठे ते सॉर्ट करा." मी कशासाठी रडत असले तर अब्बांना म्हणायचे, "हिचं काय ते सॉर्ट कर." हे माझ्या नजरेसमोरून हलवा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ असावा असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, शब्दकोशापेक्षा तो अर्थ फारसा चुकीचा नव्हता.

अब्बांचे धाकटे भाऊ, यूसुफचाचा, बाहेर समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरून माल उतरवणाऱ्या पडावावर काम करायचे. एका वादळी दिवशी ते जहाज आणि पडाव यांच्या मधे पडले. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. राबियाचाची त्यांची बायको. नुकतीच हर्णैहून आली होती, मूल नव्हतं, अजून इथल्या उकाड्याची सवयही झाली नव्हती. ती आमच्या मागच्या खोलीत इद्दतीला बसली. म्हणजे नवरा वारल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, दुसऱ्या लग्नाची गोष्ट करायची नाही. चाचीला बोलायचं म्हटलं तरी एकच गोष्ट असायची. इद्दत संपली की तिला हर्णैला, आईकडे जायचं होतं. सकाळी अम्माच्या शेजारी भाकरीचं पीठ मळताना ती विचारायची, "भाभी, बोट कधी आहे?" अम्मा म्हणायची, "इद्दत होऊ दे गो. मग बघू." तिचा पासपोर्ट बडेअब्बांच्या पेटीत होता आणि बोटीचं तिकीट काढणारेही तेच होते, त्यामुळे 'बघू' म्हणजे कोणी बघायचं हे तिघींनाही माहीत होतं.

बायका घरातच बसून आहेत, तर घरातच काम यावं, असं बडेअब्बांना सुचलं. खाडीपलीकडे, देऱ्याला, एका हाजीसाहेबांचं मोठं गोदाम होतं. आपल्याच बाजूचे, रायगडकडचे. विलायतेतून वापरलेल्या जुन्या कपड्यांच्या गासड्या ते मागवायचे, त्या निवडून पुढे मस्कतला, इराणच्या किनाऱ्याला विकायचे. हाजीसाहेबांनी गासड्या आमच्या अंगणात पाठवायला सुरुवात केली. तरटात आवळलेली, लोखंडी पट्ट्या मारलेली माणसाएवढी गासडी, आणि तिच्या पोटावर काळ्या शाईत छापलेलं असायचं: अनसॉर्टेड. मी इंग्रजी शाळेत जात होते, मला ते वाचता आलं याचा अब्बांना अभिमान वाटला.

पट्टी तोडली की गासडी श्वास सोडल्यासारखी फुगायची आणि वास बाहेर यायचा. डांबरगोळ्यांचा वास आधी, आणि त्याखालून दुसरा. परक्या अंगांचा, थंडीत महिनोन् महिने न धुतलेल्या लोकरीचा, काखांचा, आजाऱ्यांच्या बिछान्याचा. कॉलरीच्या घडीत मेणासारखा मळ बसलेला. बनियनवर काखेत पिवळी, कडक झालेली चकती. एका कोटाच्या खिशात वापरलेला रुमाल वाळून पापडासारखा झालेला होता, आणि मी तो उघडला. लहान मुलाच्या स्वेटरवर पुढून ओकारी वाळलेली. केस तर सगळीकडे: सोनेरी, पांढरे, आखूड, लांब, अम्माच्या पदराला चिकटून चुलीपर्यंत जाणारे. एकदा भाकरीत तसा एक केस निघाला. अम्माने ती भाकरी, तवा आणि उरलेलं पीठ, सगळं उचलून बाहेर नेलं, आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी आम्ही इराणी भटारखान्यातला रोट आणून खजुराबरोबर खाल्ला. बडेअब्बा मात्र रोज संध्याकाळी अत्तर लावून यायचे, दारातूनच ढीग बघायचे आणि म्हणायचे, "माशाल्ला! किती सॉर्ट झालं?"

तीन ढीग करायचे असत. नंबर वन म्हणजे डाग नाही, फाटलेलं नाही, बटणं जागेवर. नंबर टू म्हणजे धुऊन, टाका घालून चालेल. तिसऱ्या चिंध्या, इंजिनं पुसायला. मी अब्बांच्या शब्दकोशात तो शब्द काढला. वेगवेगळे करणे, प्रकारांप्रमाणे लावणे, असं काहीसं दिलं होतं. अम्माला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे निवडणे." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे तेव्हा सांगता येत नव्हतं. आता सांगते. अम्मा तांदूळ निवडायची तेव्हा खडा फेकून द्यायची. निवडण्यात काहीतरी नको असतं, ते बाहेर जातं, आणि राहिलेलं आपण आपल्या माणसांना खाऊ घालतो. सॉर्ट करण्यात काहीच फेकलं जात नाही. ओकारी वाळलेल्या स्वेटरलाही एक ढीग आहे आणि त्या ढिगाला एक गिऱ्हाईक आहे. किळस आली म्हणून एखादी वस्तू बाजूला करावी, ही मुभाच त्या शब्दात नाही. मी पुढे आयुष्यभर पुस्तकांत राहिले, इंग्रजीतही पुष्कळ वाचलं. या क्रियापदाचे सभ्य उपयोग मला ठाऊक आहेत. तरी माझ्या मनात त्याचा अर्थ हाच राहिला.

चाचीचा हात सर्वांत चलाख निघाला. डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांना कळायचं. कपडा उजेडाकडे धरायचा, एकदा झटकायचा, आणि तो आपल्या ढिगात. नंबर वन तिच्याकडेच आला. दर आठवड्याला हाजीसाहेबांची विधवा बहीण, हलीमाबी, माल बघायला यायची. जाड, धाप लागणारी, तोंडात सदा लवंग. सुरुवातीला ती कपडे बघायची. मग एक दिवस ती चाचीसमोरच बसली.

"हात बघू," ती म्हणाली. चाचीने हातातला शर्ट पुढे केला. "शर्ट नाही गो. हात." तिने चाचीचे दोन्ही हात उलटेसुलटे केले, नखं बघितली. मग हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवलं. अगदी तसंच, जसं चाची कॉलर वळवायची. "दात शाबूत आहेत. सुकलीय खूप, पण तूप घातलं की भरेल." आणि अम्माकडे वळून, जणू चाची तिथे नाहीच, "मूल झालं नाही ना एकही? बरंच झालं. मागचं काही चिकटलेलं नको."

अम्माचा चेहरा काळाठिक्कर पडला. ती म्हणाली, "हलीमाबी, चहा घेणार का पाणी?"

"चहा राहू दे, या वासात कोण पिणार?" हलीमाबी हसत उठली. जाताना माझ्या गालावर थोपटून गेली. मी गाल घासून घासून लाल केला.

त्या संध्याकाळी पुरुष अंगणात जेवायला बसले होते. चाची पडद्यामागे होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. बडेअब्बांनी सुरमईचा मधला तुकडा उचलला आणि म्हणाले, "राबियाचं मॅटर सॉर्ट झालं, अलहम्दुलिल्ला. इद्दत संपली की हाजीसाहेब निकाह करायला तयार आहेत. गोदामात मला भागीदारीही देतो म्हणालेत."

हाजीसाहेब आमच्या दादाच्या, म्हणजे आजोबांच्या, वयाचे होते. घरी दोन बायका होत्या.

अम्मा सहसा पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. ती दारातूनच म्हणाली, "भाईजान, तिला आईकडे जायचंय."

"आईकडे काय आहे? बंदरावर बसून मासळी सुकवते ती. हिला कोण पोसणार?"

"आणि इद्दतीत बाईला मागणं घालणं दुरुस्त नाही. गुनाह आहे."

"मागणं कुणी घातलं?" बडेअब्बा हसले, बोटं चाटली. "मालाची पाहणी होती ती."

अम्माने अब्बांकडे बघितलं. मीही बघितलं. माझे अब्बा फार वाचलेले, फार मृदू होते आणि मला फार आवडायचे. ते ताटात बघत म्हणाले, "आज मासळीला काटे फार आहेत."

बडेअब्बांनी आणखी सालन मागितलं आणि अम्माने ते वाढलं. ते खात होते, ओठांवरून तेल ओघळत होतं. अंगणात तिन्ही ढीग चादरीखाली झाकलेले होते. मला वाटलं, वास तिकडूनच येतोय असं आपण इतके दिवस उगीच समजत होतो.

दुसऱ्या दिवशी चाची नेहमीसारखी कामाला बसली. मस्कतचा कुणी मोठा व्यापारी येणार होता, त्याच्यासाठी नंबर वनची गासडी भरायची होती. चाची म्हणाली, "भाभी, आज मी भरते." तळाला तिने चांगले कोट अंथरले, कडेने शर्ट उभे लावले, जसं रोज करायची. मधे जागा राहिली तेव्हा माझ्याकडे हात केला. "नूरी, ते दे."

"कुठलं?"

"तुझ्यामागचं."

माझ्यामागे चिंध्यांचा ढीग होता. "चाची, हे तिसऱ्यातलं आहे."

"माहीत आहे मला."

मी अम्माकडे बघितलं. अम्माच्या हातात दाभण होतं, सुतळी ओवायची थांबली होती. तिने त्या ढिगाकडे एकदा बघितलं आणि सुतळी पुन्हा ओवायला घेतली. मग मी उचलून दिलं. पिवळ्या काखांची बनियनं, रक्ताचे डाग सुकलेली चादर, आजाऱ्याखालचं काहीतरी ज्याला मी दोन बोटांनीच धरलं. चाचीने मात्र एकेक कपडा नीट घडी घालून ठेवला, पूर्ण पंजाने दाबून, जसं कुणी आपल्या माणसाची पेटी भरतं. वर पुन्हा चांगले कोट.

"वरच्या थराखाली डांबरगोळ्या घाल," अम्मा म्हणाली. "वास दबेल."

मग तिने गासडी शिवली. इतके जवळजवळ टाके तिने माझ्या कुठल्याही परकराला घातले नव्हते. संध्याकाळी बडेअब्बांनी दारातून बघितलं, गासडीवर थाप मारली आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास."

ती गासडी हाजीसाहेबांच्या गोदामात, मस्कतच्या व्यापाऱ्यासमोर आणि आणखी चार गिऱ्हाइकांसमोर उघडली गेली. मी तिथे नव्हते; पण हलीमाबीने आमच्या अंगणात येऊन ते इतक्या मोठ्याने सांगितलं की गल्लीतल्या सगळ्यांना ते तिथे असल्यासारखं कळलं. व्यापाऱ्याने हात आत घातला आणि ती चादर बाहेर ओढली. त्याने नाक दाबलं, अरबीत काहीतरी म्हणाला आणि उठून गेला. बाकीचे हसले. हाजीसाहेबांना हसले.

"कुठेय ती?" हलीमाबी ओरडत होती. "अख्ख्या बाजारात माझ्या भावाचं नाक कापलं! मी, मीच जाऊन सांगितलं होतं त्याला, हिचा हात असा, हिची नजर अशी! हिला डोळे आहेत का भोकं?"

चाची खोलीतून बाहेर आली. बडेअब्बा घामाने भिजले होते. अत्तर आणि घाम मिळून एक तिसराच वास येत होता. "राबिया, हे काय केलंस?"

"मला सगळे कपडे सारखेच दिसतात, भाईजान," चाची शांतपणे म्हणाली. "ते गेल्यापासून."

"वेडी आहे!" हलीमाबी दोन पावलं मागे सरली, जणू वेडाचीही लागण होते. "बेवा तर बेवा, वर डोकं फिरलेली. ही आमच्या घरात नको. खलास! आणि तुम्ही भरलेल्या गासड्याही नकोत, सगळ्या परत पाठवते, त्यांचे पैसे तुम्ही भरा." बडेअब्बा तिच्यामागे दारापर्यंत गेले, "बैठो तो सही, हलीमाबी, हम सॉर्ट आउट करेंगे," असं विनवत. ती थांबली नाही.

अंगणात परत येऊन त्यांनी चाचीकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. राग होताच, पण त्याखाली किळस होती. एखादी वस्तू आता कुठल्याच ढिगात ठेवता येत नाही हे कळल्यावर माणूस बघतो तसं ते बघत होते. "इद्दत संपली की हिला बोटीत बसवा," ते अब्बांना म्हणाले. "हर्णैचं कुणी जात असेल त्याच्या सोबत. मला ही घरात नको."

चाचीने मान खाली घातली. तिच्या पदराआडून मला तिचे हात तेवढे दिसत होते. एका हाताने दुसरा हात घट्ट धरला होता.

इद्दत संपली. हर्णैचं एक कुटुंब मुंबईच्या बोटीने निघालं होतं. अब्बांनी तिचा पासपोर्ट भावाच्या पेटीतून आणला, आणि स्वतः मचव्यातून जहाजापर्यंत तिला सोडायला गेले. पुढे चाचीने दुसरं लग्न केलं नाही. आईबरोबर बंदरावर बसली, आई गेल्यावर एकटी बसली. मी तिला नंतर तीनचारदा भेटले. या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

चाची बोटीत बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी हाजीसाहेबांच्या माणसांनी परत पाठवलेल्या गासड्या अंगणात आणून टाकल्या. बडेअब्बांनी दुसरा एक व्यापारी गाठला होता. माल नीट दाखवला तर तो घेणार होता. सुट्टी काढून ते घरी थांबले होते. "यल्ला, बसा दोघी," ते म्हणाले. "सगळं पुन्हा सॉर्ट करायचंय. संध्याकाळपर्यंत."

अम्मा भांडी घासत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि सावकाश म्हणाली, "मी नाही बसणार, भाईजान. नूरीही नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही बसा."

अब्बा खोलीच्या दारात उभे होते. बडेअब्बांनी त्यांच्याकडे बघितलं. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला. पण या वेळी ते अम्माला बस असं म्हणाले नाहीत.

अम्मा मला घेऊन गच्चीवर गेली. तिथे चादरीवर कोलंबी वाळत घातली होती. खाडीवर ऊन चकाकत होतं, ठोकठोक चालली होती. खाली सुरी सुतळीवर कराकरा चालल्याचा आवाज आला, मग तरट फाटल्याचा. मग बडेअब्बांना ओकारी झाल्याचा आवाज आला; एकदा, आणि पुन्हा.

अम्मा ऐकत उभी राहिली. मग ती खाली बसली आणि कोलंबी उलटायला लागली.